वीतभर अंतरातला फ्यूज

‘एवढ्याशा सोलरला कसले आलेत नियम?’ हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत हल्ली तीन प्रकारची माणसं विचारतात. पॅनेल, बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर सुटे विकणारा दुकानदार विचारतो, कारण नियम आला की बिलाची रक्कम फुगेल आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. सरकारी अधिकारी विचारतो, कारण ज्याला मीटरच नाही त्याची फाइल कुठल्या खात्यात उघडायची, हे त्याला उमगत नाही. आणि पाड्यावर, वस्तीत काम करणारा कार्यकर्ता विचारतो, कारण ज्या घरात आत्ता कुठे उजेड आला तिथे पुन्हा सरकारी कागद धाडू नका, असं त्याला मनापासून वाटतं. कारणं निरनिराळी असली तरी युक्तिवाद एकच आहे: व्होल्टेज कमी म्हणून धोका नाही, मालक गरीब म्हणून खर्च परवडत नाही, आणि आजवर कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही म्हणून घाई नाही. या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवं, कारण तो सगळाच चुकीचा नाही आणि म्हणूनच पटतो. ग्रिडला न जोडलेल्या लहान सौर संचाला जाडजूड नियमावली नको, इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे. पण संच लहान असला म्हणून नियम आखूड होतील. नाहीसे होणार नाहीत. आणि ते अमलात आणायची जागा घराच्या उंबरठ्यावर नाही, दुकानाच्या काउंटरवर आहे.

आता कुणी म्हणेल, उपनगरात ग्रिडबाहेरची वीज लागतेच कुणाला? अंधेरी-बोरिवलीला अदानीची वीज आहे, मुलुंड-भांडुपला महावितरणची आहे, तारांचं जाळं तर गल्लोगल्ली आहे. पण १९५१ साली सुरू झालेल्या आरे दुग्ध वसाहतीच्या जमिनीवर २७ आदिवासी पाडे आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतही पाडे आहेत, आणि जमीन कुणाची, परवानगी कुणी द्यायची या वादात त्यांतल्या काहींची वीजजोडणी वर्षानुवर्षं अडकून पडली. समोर गोरेगावच्या टॉवरांची रोषणाई दिसत असताना ज्या घरात रॉकेलचा दिवा जळतो, तिथे छपरावरचं पॅनेल ही चैन नव्हे. स्टेशनबाहेरच्या हातगाड्याही संध्याकाळी बॅटरीवरच उजळतात. आणि ज्यांच्या दाराशी मीटर आहे त्यांना दोन तारखा पाठ आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कित्येक वस्त्यांत त्यानंतरही लाइट आले नव्हते. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळली आणि लोकलसकट मुंबई थांबली. त्या दिवशी ज्या सोसायट्यांच्या गच्चीवर नेट मीटरिंगची पॅनेलं होती त्यांनाही लख्ख उन्हात उजेड मिळाला नाही. ग्रिड गेली की ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो, कारण बंद समजलेल्या तारेत त्याने वीज सोडली तर दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जाईल. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे. तूर्त एवढंच, की बॅटरीवरचा स्वतंत्र संच हवासा वाटण्यात काहीच गैर नाही.

वादाची हद्दही आखून घेऊ. पवईच्या आयआयटीने २०१४मध्ये हाती घेतलेल्या ‘सोल’ प्रकल्पातून दहा लाख सौर अभ्यासदिवे विद्यार्थ्यांच्या हाती पडले; गावातल्याच लोकांना शिकवून ते जोडून घेतले होते. असा दिवा ही एक पुरी वस्तू आहे. पॅनेल केवढं, बॅटरी केवढी, तार किती जाड, हे आधीच कुणीतरी हिशेब करून ठरवलेलं असतं. केंद्राच्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना दिलेला २०० ते ३०० वॉटचा संचही तसाच: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग, आणि पाच वर्षं देखभाल. अशा वस्तूंना आणखी नियम लावा असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. प्रश्न आहे तो जुळवलेल्या संचाचा. पॅनेल लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं, वायर लोहार चाळीतली, बॅटरी कुठल्यातरी ऑफिसच्या यूपीएसमधून काढलेली, कंट्रोलर ऑनलाइन मागवलेला, आणि जोडणारा तोच, जो एरवी वस्तीत पंखे दुरुस्त करतो. यातली प्रत्येक वस्तू एकेकटी निर्धोक असू शकते. पण त्या एकमेकींशी जोडताना हिशेब कुणीच केलेला नसतो, आणि धोका नेमका त्या जोडांत असतो.

‘बारा व्होल्टने कुणी मरत नाही,’ हा यातला सर्वांत लाडका मुद्दा. शॉकपुरता तो खरा आहे. आंतरराष्ट्रीय मानकं कोरड्या परिस्थितीत एसीचे ५० आणि डीसीचे १२० व्होल्टपर्यंत ‘अतिनिम्न’ पातळी धरतात. बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं कोरड्या हातांनी धरली तर मुंगीही चावल्यासारखं वाटत नाही. पण विजेने माणूस फक्त शॉक बसूनच मरतो असं नाही, जळूनही मरतो. आणि तार तापते ती करंटने. १५० अँपिअर-तासाच्या साध्या ट्युब्युलर बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम एवढाच असतो. हातातला पाना निसटून तिच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला, तर हजार अँपिअरच्या वर करंट धावतो. ग्रिलच्या कारखान्यात लोखंडाला लोखंड जोडायला शंभर-दीडशे अँपिअर पुरतात. बरं, शॉर्टसर्किट व्हायलाच हवं असंही नाही. पाचशे वॉटचा लोड २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअरसुद्धा घेत नाही. तोच लोड बारा व्होल्टवर जवळजवळ ४२ अँपिअर घेतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या तारेत ती साडेतीनशे पटीहून जास्त झाली. घरात दिव्यापंख्यांना वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची वायर ‘व्होल्टेज तर कमीच आहे’ म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत ओढली, की तिचं आवरण आधी मऊ होतं, मग वितळतं. कमी व्होल्टेज म्हणजे त्याच कामाला जास्त करंट, हे शाळेतलं गणित आहे. ‘बारा व्होल्टच तर आहेत’ ही सबब त्या गणिताच्या बरोबर उलट दिशेने चालते.

त्यात ही वीज डीसी. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना किंवा सैल जोडात ठिणगी पेटली तरी त्या शून्याच्या क्षणी ती विझायची संधी असते. डीसीला असा शून्याचा क्षणच नाही. एकदा ठिणगीची कमान धरली की ती तशीच जळत राहते आणि भोवतालचं प्लॅस्टिक पेटवते. म्हणून एसीचं एमसीबी किंवा साधं बटण डीसीच्या बाजूला लावणं म्हणजे कुलपाच्या जागी सुतळी बांधण्यासारखं आहे. पॅनेलची तऱ्हा आणखी वेगळी. बॅटरीच्या बाजूला शॉर्ट झालं तर करंट शेकडो पटींनी उसळतो आणि फ्यूज उडतो. पॅनेलच्या बाजूला शॉर्ट झालं तर ५४० वॉटच्या पॅनेलचा नेहमीचा १३ अँपिअरचा करंट फार तर १४पर्यंत जातो. फ्यूजला काही बिघडलंय याचा पत्ताच लागत नाही. आणि ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही, त्याला मेनस्विच नसतो. राहिलं कमी व्होल्टेज, तर तेही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जुनं ‘बारा व्होल्टचं’ पॅनेल उघड्यावर बावीसेक व्होल्ट दाखवायचं. आजचं ५४० वॉटचं पॅनेल पन्नासच्या आसपास दाखवतं, आणि अशी तीन एका ओळीत जोडली की दीडशे व्होल्ट होतात. म्हणजे ज्या १२०च्या मर्यादेच्या भरवशावर हा सगळा निर्धास्तपणा उभा आहे, ती तीन पॅनेलांतच ओलांडली जाते. ओल्या अंगाला तर ती मर्यादा पुष्कळच खाली येते, आणि इथे चार महिने अंग, भिंत आणि पत्रा तिन्ही ओले असतात. पत्र्याच्या धारेवर वाऱ्याने घासून वायरचं आवरण कापलं गेलं, तर अख्खं छप्पर त्या वायरचा भाग होऊन बसतं.

शिवाय जुळवलेला संच बारा व्होल्टवर थांबतच नाही. मिक्सर, टीव्ही, साधा पंखा चालवायचा म्हणून इन्व्हर्टर येतो आणि त्याच्या पलीकडे वीज पुन्हा २३० व्होल्टची असते. ती शेजाऱ्याकडच्या मीटरच्या विजेइतकीच मारक, पण तिच्याभोवतीचा पहारा मात्र नाहीसा झालेला. मीटरच्या विजेचं न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत गाडलेलं असतं. त्यामुळे गळती झाली की करंट जमिनीतून परततो आणि आरसीसीबी तो हिशेब पकडून वीज तोडतं. बऱ्याच लहान इन्व्हर्टरांचं न्यूट्रल असं कशालाच बांधलेलं नसतं. पहिल्या बिघाडाला काहीच घडत नाही, शॉकही बसत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. दुसरा बिघाड होतो तेव्हा माणसाचं शरीर वाटेत असतं आणि आरसीसीबी लावलेलं असूनही गप्प बसतं. याहून वाईट प्रकार जिथे मीटरही आहे तिथे होतो. लाइट गेले की दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घ्यायची, एक टोक इन्व्हर्टरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटला लावायचं, की घरभर उजेड. मेनस्विच पाडायचं राहिलं तर वीज उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते. ‘आपला छोटा इन्व्हर्टर गल्लीचा लोड कुठे उचलणार, तो लगेच ट्रिप होईल,’ असं यावर उत्तर मिळतं. बहुतेक वेळा होईलही. पण दुरुस्तीसाठी फ्यूज काढलेल्या तारेवर मागे एखाददुसरंच घर उरलेलं असू शकतं. तेव्हा इन्व्हर्टर ट्रिप होत नाही, आणि लाइनमन ज्या तारेला मेलेली समजून हात घालतो ती जिवंत असते. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर १२ ऑक्टोबरला भर उन्हात स्वतःहून का बंद पडला, त्याचं कारण हेच. तिथे नियमाने लाइनमनचा जीव वाचवला. त्याच खांबावर चढणाऱ्या त्याच लाइनमनला लहान संचापासून संरक्षण नको, असं म्हणायला आधार काय?

‘पण कायदा आहेच की,’ असं अधिकारी म्हणतील. आहे. वीज अधिनियम, २००३च्या कलम ५३ने सुरक्षेचे विनियम करायचं काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे सोपवलं. प्राधिकरणाने २०१०मध्ये ते केले आणि २०२३मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. वीज निर्माण करणाऱ्यांइतकेच ते वापरणाऱ्यांनाही लागू आहेत. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावं, अर्थिंग असावं, गळती पकडणारं उपकरण असावं, हे सगळं त्यांत आहे. पण कायदा घरात शिरतो तो मीटरच्या दाराने. जोडणी मागताना चाचणी अहवाल लागतो, नेट मीटर बसवताना वीज कंपनीचा माणूस येतो, पीएम सूर्यघर योजनेतून कमाल ७८ हजारांचं अनुदान घ्यायचं तर संच ग्रिडला जोडलेलाच लागतो आणि त्यासाठी तपासणी होते. ग्रिडबाहेरच्या घराला हे दारच नाही. अधिनियमाच्या कलम ५४कडे पाहिलं म्हणजे कायद्याची नजर कशावर आहे ते कळतं. रस्त्यावर, किंवा शंभर माणसं एरवी जमतात अशा जागी, २५० वॉट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस आयुक्ताला आणि विद्युत निरीक्षकाला सात दिवस आधी लेखी कळवावं लागतं. २५० वॉटचा आकडा थेट १९१०च्या कायद्यातून आलेला आहे. तेव्हा रस्त्यावर कुणी हजार अँपिअर देऊ शकणारी बॅटरी हातगाडीखाली ठेवील, हे कुणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं. आज मात्र बारा, चोवीस किंवा ४८ व्होल्टची डीसी व्यवस्था, कितीही मोठ्या करंटची असली तरी, १०० व्होल्टच्या अटीखाली सुटते. कायदा व्होल्ट मोजतो आणि आग अँपिअरने लागते. ही फट बुजवल्याशिवाय ‘कायदा आहेच’ हे उत्तर पुरं पडत नाही.

‘मग अपघात कुठे आहेत?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला आकडा फेकून उत्तर देता येणार नाही, कारण तसा आकडा मांडला जाईल अशी व्यवस्थाच नाही. अधिनियमाचं कलम १६१ सांगतं की विजेमुळे माणूस किंवा जनावर मेलं, जखमी झालं, तर ज्याची ती तार किंवा यंत्रणा त्याने कळवावं. मृत्यू झाला असेल तर २००५च्या नियमांनुसार २४ तासांत. मोठ्या कंपनीच्या तारेबाबत हे होतं. ग्रिडबाहेरच्या घरात मात्र यंत्रणेचा मालक आणि अपघातात सापडलेला माणूस एकच असतो, कळवायचं कुणी? आणि नुसतं सामान जळलं, कुणाला इजा झाली नाही, तर हे कलम लागूच होत नाही. मुंबईत आगीच्या कारणांमध्ये विजेतले दोष सतत पहिल्या क्रमांकावर असतात, पण ‘शॉर्टसर्किट’ या एका शब्दात मीटरची वीज, इन्व्हर्टर, बॅटरी सगळं विरून जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू बारा हजारांच्या वर आहेत. त्यांत वीज कुठून आली होती याचा रकानाच नाही. नोंद नाही याचा अर्थ घटना नाही असा काढायचा, तर मग पाड्यांवर वर्षानुवर्षं अंधार होता याचीही नोंद वीज कंपनीच्या दप्तरात नव्हती! आणि घरात ठेवलेली बॅटरी काय करू शकते, ते फार लांब जाऊन पाहावं लागत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. ती सोलरची बॅटरी नव्हती, हे कबूल. पण लिथियमच्या सेलला आपण कुठल्या योजनेत बसलो आहोत हे कळत नाही. चार्जिंगचं नियंत्रण नीट आहे की नाही, एवढंच त्याला लागू पडतं.

आता गरिबीचा मुद्दा, जो सर्वांत सहानुभूतीचा आहे आणि म्हणून सर्वांत नीट तपासायला हवा. दीडशे अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीला पंधरा हजारांच्या आसपास मोजावे लागतात, पॅनेल आणि इन्व्हर्टर वेगळे. योग्य डीसी फ्यूज आणि त्याचा होल्डर काही शे रुपयांत येतो. जाड वायर आणि क्रिम्प केलेले लग धरूनही सुरक्षेची भर एकूण खर्चाचा लहानसा भाग राहते. जी बॅटरी वाचवायची तिच्या किमतीपुढे तर नगण्यच. आणि नियमांमुळे गरिबांपर्यंत वीज पोचत नाही, हे अनुभवाला धरून नाही. बांगलादेशात ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेने २००३पासून ग्रिडबाहेरच्या घरांना कर्जावर सौर संच देणारा कार्यक्रम चालवला. कुठली बॅटरी, कुठला कंट्रोलर, कुठला दिवा चालेल हे तांत्रिक मानक समितीच्या मंजुरीने ठरत होतं, आणि तरीही, खरं तर त्यामुळेच, चाळीस लाखांहून जास्त घरांत ते संच लागले. कर्ज फेडायचं तर वस्तू टिकायला हवी, हा तिथला साधा व्यवहार होता. जगानेही लहान संचाला नियमातून वगळलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत सौरविजेसाठी स्वतंत्र कलम १९८४पासून आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ग्रिडबाहेरच्या संचांसाठी वेगळं मानक आहे, आणि आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६२२५७ मालिकेत ३५० वॉटपर्यंतच्या तयार संचांसाठी खास भाग आहे. शिवाय ‘त्याचं घर, त्याची जोखीम’ हे टुमदार बंगलीला शोभणारं तत्त्वज्ञान आहे. ७ डिसेंबर २०१५ला कांदिवलीच्या दामूनगरात आग लागली, तिच्या झळा पोचून गॅसचे सिलिंडर फुटत गेले आणि काही तासांत शेकडो झोपड्यांची राख झाली. जिथे भिंतीला भिंत आणि पत्र्याला पत्रा लागलेला आहे, तिथे एका घराची जोखीम एका घराची राहत नाही. गरिबाला सुरक्षेतून सूट देणं ही त्याच्यावरची दया वाटते, पण तिची किंमत त्याचा शेजारी मोजतो आणि तोही गरीबच असतो.

सर्वांत जड आक्षेप शेवटचा. नियम केले की निरीक्षक येणार, निरीक्षक आला की हप्ता येणार. भीक नको पण कुत्रा आवर. हा आक्षेप उपनगरातल्या माणसाने घेतला तर त्याला हसण्यात अर्थ नाही. १३ मे २०२४ला वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती आणि ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. नियम होता, भर हमरस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडलेला. तेव्हा परवानगीच्या फाइलीवर उभा राहिलेला नियम माणसं वाचवतोच असं नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र नियम नेहमी फाइलीतच असतो असंही नाही. प्रत्येक झोपडीत गॅसचा सिलिंडर आहे आणि रोज सकाळी तो तपासायला कुणी निरीक्षक येत नाही. तिथला नियम रेग्युलेटरच्या घडणीत आहे, सिलिंडरच्या तोंडावरच्या झडपेत आहे, आणि ‘पाच वर्षांनी बदला’ असं बजावून विकल्या जाणाऱ्या नारिंगी नळीत आहे. गृहिणीला दाबाचं शास्त्र शिकावं लागत नाही. चुकीची जोडणी करणं अवघड करून ठेवलेलं असतं. सौर संचाला हाच मार्ग हवा, आणि त्याची अर्धी वाट झालेलीही आहे. केंद्राच्या २०१७च्या आदेशाने पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांना भारतीय मानकांनुसार नोंदणी सक्तीची केली. उरलं ते त्यांच्यामधलं अंतर: वायर, फ्यूज, स्विच, प्लग. म्हणजे जुळवलेल्या संचाचा धोका जिथे आहे नेमकी तीच जागा.

ती जागा भरायला सहा नियम पुरतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात, तारेच्या क्षमतेइतका डीसी फ्यूज असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेचं रक्षण कुणीच करत नाही. डीसीच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेलं स्विच असावं, पॅनेलचं वेगळं, पटकन हात पोचेल असं. वायर लोडच्या वॉटवरून न निवडता करंटवरून निवडावी, टोकांना क्रिम्प केलेले लग असावेत, पत्र्यातून जाताना पाइप असावा. बॅटरीची टोकं झाकलेली असावीत आणि ती झोपायच्या जागेखाली किंवा दाराच्या वाटेत नसावी. लेड-ॲसिडची असेल तर हवा खेळती हवी, कारण चार्जिंगमध्ये सुटणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. लिथियमची असेल तर सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएसशिवाय ती विकूच नये. इन्व्हर्टर असेल तिथे अर्थिंग, त्याला बांधलेलं न्यूट्रल आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असावं. आणि मीटरही असेल तिथे चेंजओव्हर स्विच असावा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर विकण्यावर सरळ बंदी असावी. हे सगळं एका पानावर, मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह मावतं. दुकानदाराने बॅटरी विकताना फ्यूज आणि ते पान त्याच पिशवीत घालावं, बिलावर तशी नोंद करावी. तपासायचंच असेल तर दुकान तपासावं, पाडा नव्हे. जोडणीसाठी आरेच्या पाड्यावर परवानाधारक ठेकेदार येईल अशी अट घालणं म्हणजे अट मोडली जाईल याची तजवीज करणं. त्यापेक्षा आयटीआयचा वायरमन, ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण घेतलेला तरुण किंवा पाड्यावरचीच शिकवलेली मुलगी पुरेशी आहे. पवईच्या दिव्यांनी ते शक्य असल्याचं दाखवून दिलेलं आहे. अपघाताच्या नोंदीत अग्निशमन दलाने ‘शॉर्टसर्किट’पुढे एक रकाना वाढवावा: वीज मीटरची होती, इन्व्हर्टरची की बॅटरीची. पाच वर्षांनी त्या रकान्यात काहीच भरलेलं नसलं, तर माझं म्हणणं फोल ठरेल आणि ते मान्य करायला मी बांधील राहीन.

तोवर ज्यांना ‘एवढ्याशा सोलरला’ नियम नकोत त्यांनी सगळे नियम एकदम झिडकारण्याऐवजी या सहांतला कुठला नको ते सांगावं, आणि का नको तेही. फ्यूज नको असेल तर हजार अँपिअर कोण थांबवणार, चेंजओव्हर नको असेल तर खांबावरच्या माणसाला तार जिवंत आहे हे कोण कळवणार, एवढं उत्तर मात्र त्यासोबत द्यावं.